जुना प्रत्यार्पण करार आणि नंतर मिळवलेली वसाहत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळात वाद कशाचा आहे?

दोन देशांनी एकमेकांचे फरारी आरोपी परत करण्याचा करार केला. पुढे दहा-वीस वर्षांनी त्यातल्या एकाने समुद्रापलीकडचा एखादा मुलूख जिंकला, विकत घेतला किंवा तहात पदरात पाडून घेतला. आरोपी पळून नेमका त्याच मुलखात जाऊन बसला. करारावर सह्या झाल्या तेव्हा तो मुलूख कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. आता जुन्या कराराच्या आधारे त्याला मागता येईल का? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साम्राज्यांची हद्द भराभर बदलत होती, तेव्हा हा प्रश्न परराष्ट्र खात्यांच्या टेबलावर वारंवार येत असे. अशा करारांतले काही वसाहती स्वतंत्र झाल्यावरही टिकले, त्यामुळे न्यायालयांत तो आजही अधूनमधून डोके वर काढतो.

थोडक्यात उत्तर काय?

आंतरराष्ट्रीय कायद्याचा कल ‘लागू होतो’ या बाजूला आहे. हद्द वाढली की कराराची हद्दही वाढते, असे गृहीत धरले जाते. पण ते गृहीतकच आहे. कराराच्या शब्दांनी, त्या प्रदेशाच्या दर्जाने किंवा ताब्यातला माणूस ज्या देशात आहे तिथल्या कायद्याने ते मोडू शकते. माझ्या मते ही तिसरी अडचण सर्वांत जास्त वेळा आडवी येते आणि पाठ्यपुस्तकांत तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलेले असते.

हे गृहीतक आले कुठून?

आज ते दोन ठिकाणी लिहिलेले सापडते. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे २९ वे कलम सांगते की वेगळा हेतू दिसत नसेल, तर करार प्रत्येक पक्षाला त्याच्या संपूर्ण प्रदेशापुरता बांधतो. राज्यांच्या (इथे राज्य म्हणजे देश) उत्तराधिकाराविषयीच्या १९७८ च्या व्हिएन्ना कराराचे १५ वे कलम आणखी नेमके आहे: एखादा प्रदेश एका राज्याकडून दुसऱ्याकडे गेला की जुन्या राज्याचे करार तिथे संपतात आणि नव्या राज्याचे सुरू होतात. अर्थात, कराराच्या हेतूशी ते विसंगत ठरत नसेल तरच.

इथे एक सावधगिरी हवी. ही दोन्ही कलमे मागे जाऊन लागू होत नाहीत. १८७६ किंवा १८९२ सालच्या कराराचा अर्थ लावताना ‘व्हिएन्ना कराराचे कलम २९ बघा’ एवढे म्हणून भागत नाही. भारत तर १९६९ च्या कराराचा पक्षही नाही. जुन्या कराराला लागू होते ती त्या काळची रूढी, आणि ही कलमे त्या रूढीचा पुरावा म्हणून पुढे करायची असतात.

त्या काळी देश खरोखर असे वागत होते का?

मुलूख पूर्णपणे गिळंकृत केला असेल तेव्हा, बहुतेक वेळा हो. ७ जुलै १८९८ च्या ठरावाने अमेरिकेने हवाई बेटे जोडून घेतली. त्या ठरावातच लिहिले आहे की हवाईचे परदेशांशी असलेले करार तत्काळ संपतात आणि त्यांची जागा अमेरिकेचे असलेले व पुढे होणारे करार घेतात. फ्रान्सने १८९६ मध्ये मादागास्कर खालसा केल्यावर तिथले जुने करार गेले आणि फ्रान्सचे करार आले, ही भूमिका अमेरिकेने मान्य केली. १९१० मध्ये कोरिया घेताना जपाननेही तेच जाहीर केले, मात्र आपले करार कोरियाला ‘शक्य तितपत’ लागू होतील अशी पुस्ती जोडली. प्रत्यार्पणाच्या बाबतीत ‘शक्य तितपत’ला फार अर्थ असतो. आरोपीला उभे करायला न्यायाधीश हवा, पुरावा तपासण्याची पद्धत हवी, मागणी कोणाकडे करायची हे ठरलेले हवे. नव्याने घेतलेल्या मुलखात यातले काहीच नसण्याची शक्यता असे.

करार आपोआप लागू होत असेल, तर पुरवणी करार का केले गेले?

या सगळ्यातला सर्वांत रंजक भाग हाच. अमेरिका आणि नेदरलँड्स यांच्यात १८८७ चा प्रत्यार्पण करार होता. १८९८ च्या पॅरिस तहाने अमेरिकेला स्पेनकडून फिलिपाइन्स, ग्वाम आणि पोर्तो रिको मिळाले. फिलिपाइन्सच्या दक्षिणेला डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. मधला समुद्र बोटीने ओलांडण्याजोगा. जानेवारी १९०४ मध्ये दोन्ही देशांनी आणखी एक करार करून १८८७ चा करार आपापल्या बेटांना आणि वसाहतींना लागू केला.

पुढे १९१३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी फिलिपाइन्स व ग्वाम एका बाजूला आणि ब्रिटिश संरक्षणाखालचे नॉर्थ बोर्निओ दुसऱ्या बाजूला धरून प्रत्यार्पणाची स्वतंत्र व्यवस्था पत्रांच्या देवाणघेवाणीने ठरवली.

अशा पुरवण्यांचे दोन अर्थ निघतात आणि वकील आपल्या सोयीचा उचलतात. आरोपीचा वकील म्हणतो, करार आपोआप लागू होत असता तर ही खटपट कशाला केली असती? सरकारी वकील म्हणतो, ती फक्त शंका काढून टाकण्यासाठी होती. मला दोघांचेही पूर्ण पटत नाही. बऱ्याच पुरवण्या ‘लागू होतो की नाही’ यापेक्षा ‘लागू करायचा कसा’ यासाठी होत्या. वसाहतीतला आरोपी मागायचा तर वकिलातीमार्फत राजधानीकडे अर्ज करा, तिथून तो बोटीने गव्हर्नरकडे जाईल, या फेऱ्यात आरोपी पुढच्या बंदरात पोचलेला असे. म्हणून ब्रिटनच्या करारांत वसाहतींसाठी वेगळे कलम असे: परदेशाच्या तिथल्या मुख्य कॉन्सलने, म्हणजे त्या देशाच्या स्थानिक प्रतिनिधीने, थेट गव्हर्नरकडे मागणी करावी, आणि गव्हर्नरने आरोपी सोपवावा किंवा प्रकरण आपल्या सरकारकडे पाठवावे. तेव्हा पुरवणी दिसली की आधी ती वाचा. ती हद्द वाढवते की कामाची पद्धत ठरवते, हे तिच्या कलमांतच कळते.

करारात ‘प्रदेश’ म्हटले असेल आणि ‘वसाहती’ म्हटले नसेल, तर?

शब्दांवर खूप काही अवलंबून असते. १८४२ च्या वेबस्टर-ॲशबर्टन तहाचे दहावे कलम सात गुन्ह्यांसाठी होते आणि त्यात फक्त ‘अधिकारक्षेत्र’ आणि ‘प्रदेश’ असे सैल शब्द होते. अशा शब्दांत पुढची भर सामावून घेता येते. ‘सर्व वसाहती व परकीय ताब्यातील प्रदेश’ असे म्हटले असेल तर काम आणखी सोपे, कारण वर्णन प्रकाराचे आहे आणि त्या प्रकारात उद्या येणारा प्रदेशही बसतो. नावानिशी यादी असेल तर मात्र उलट तर्क चालतो: जे यादीत नाही, ते सोडलेले आहे.

१९३१ च्या अमेरिका-ब्रिटन करारात हे सगळे प्रकार एकत्र सापडतात. ब्रिटन आणि त्याचे बहुतेक परकीय मुलूख थेट करारात; कॅनडा, ऑस्ट्रेलियासारखी डोमिनियन (साम्राज्यातले स्वशासित देश) आणि भारत यांच्यासाठी ‘मागून सामील होता येईल’ असे वेगळे कलम; संरक्षित प्रदेशांची वेगळी यादी; आणि उद्या आणखी कुठे लागू करायचा झाल्यास त्याचीही सोय. करार १९३५ मध्ये अमलात आला, भारताला तो लागू झाला १९४२ मध्ये. त्यामुळे ‘ब्रिटनने केला म्हणजे भारताला लागलाच’ हे विधान या कराराबाबत पहिल्या दिवसापासून चूक होते.

कधी करार स्वतःच एखादा कोपरा वगळतो. १८७६ च्या ब्रिटन-फ्रान्स प्रत्यार्पण कराराने दोघांच्या ईस्ट इंडीजमधल्या ठाण्यांपुरती ७ मार्च १८१५ च्या तहाच्या नवव्या कलमाची जुनी व्यवस्था तशीच ठेवली. म्हणजे पाँडिचेरीत पळालेल्या माणसासाठी वकिलाला वॉटर्लूच्या लढाईआधीचा कागद शोधावा लागे.

संरक्षित प्रदेश, भाडेपट्टा, लष्करी ताबा: हे सगळे ‘मिळवलेले’ धरायचे का?

नाही. इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. नकाशात एका रंगाने रंगवलेले सगळे मुलूख कायद्याच्या दृष्टीने एका जातीचे नसतात.

सायप्रस बघा. १८७८ पासून तिथला कारभार ब्रिटनचा, पण सार्वभौमत्व उस्मानी सुलतानाचे. ब्रिटनने बेट जोडून घेतले ते नोव्हेंबर १९१४ मध्ये. या छत्तीस वर्षांत ते ‘ब्रिटिश प्रदेश’ होते का, या प्रश्नाचे सरळ उत्तर नाही. हाँगकाँगमध्ये बेट १८४२ मध्ये आणि कौलून १८६० मध्ये कायमचे तोडून दिलेले, तर ‘न्यू टेरिटरीज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखाचा १८९८ मध्ये ९९ वर्षांचा भाडेपट्टा. एकाच गव्हर्नरच्या हाताखाली दोन जातींची जमीन.

लष्करी ताब्याचे उत्तम उदाहरण क्यूबाचे आहे. हवानाच्या टपाल खात्यात अमेरिकी अमलाखाली पैसे सांभाळणारा चार्ल्स नीली अपहाराच्या आरोपानंतर न्यू यॉर्कमध्ये पकडला गेला. क्यूबावर तेव्हा अमेरिकी लष्कराचाच अंमल होता. मग क्यूबा ‘परदेश’ कसा? अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९०१ मध्ये सांगितले की ताबा असला तरी क्यूबा अमेरिकेचा झालेला नाही, तो परदेशच आहे. नीलीला पाठवता आले ते अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) जून १९०० मध्ये मुद्दाम केलेल्या कायद्यामुळे. तोपर्यंत अशा प्रदेशात आरोपी पाठवण्याचा अधिकार देणारे कलमच नव्हते.

भारतातले उदाहरण याहून बारीक आहे. निजामाने आपल्या राज्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या जमिनीवरचे अधिकारक्षेत्र ब्रिटिशांना दिलेले होते. सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर मुहम्मद युसुफुद्दीन यांना त्या रेल्वेच्या एका स्थानकावर अटक झाली. आरोपाचा रेल्वेशी काही संबंध नव्हता. १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, अटक बेकायदा ठरवली: अधिकार दिला तो रेल्वेच्या कामापुरता, जमीन हैदराबादचीच राहिली. थोडक्यात, फलाट ब्रिटिशांच्या कारभाराखाली असला तरी तिथून माणूस न्यायचा तर निजामाशी ठरलेल्या वाटेनेच न्यायला हवा होता.

बेल्जियमने १९०८ मध्ये काँगो घेतला, पण त्याच वर्षीच्या कायद्याने काँगोचे कायदेशीर अस्तित्व वेगळे ठेवले. म्हणून बेल्जियमचे करार तिथे आपोआप गेले नाहीत. ब्रिटनशी असलेले प्रत्यार्पण करार काँगोला आणि काही ब्रिटिश संरक्षित प्रदेशांना लागू करायला १९२३ मध्ये वेगळा करार करावा लागला.

सगळे जुळत असूनही आरोपी सुटू शकतो?

सुटतो, आणि ठळक उदाहरण रेमंड वेस्टरलिंगचे. हा डच सैन्यातला माजी कॅप्टन. इंडोनेशियाला २७ डिसेंबर १९४९ रोजी सत्ता मिळाली, आणि जानेवारी १९५० मध्ये याने बांडुंगमध्ये सशस्त्र उठावाचा प्रयत्न केला. फसल्यावर पळून सिंगापुरात आला, जी तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. इंडोनेशियाने १८९८ च्या ब्रिटन-नेदरलँड्स प्रत्यार्पण कराराच्या आधारे त्याला मागितले. नेदरलँड्सचे हक्क इंडोनेशियाकडे आले आहेत, असे ब्रिटिश सरकारचे म्हणणे होते आणि न्यायालयाने तेही मान्य केले. तरी ऑगस्ट १९५० मध्ये वेस्टरलिंग सुटला. कारण १८७० चा ब्रिटिश प्रत्यार्पण कायदा एखाद्या देशाच्या बाबतीत लागू व्हायचा तर त्यासाठी ऑर्डर इन कौन्सिल, म्हणजे राजाच्या नावाने निघणारा सरकारी हुकूम, हवा. नेदरलँड्ससाठी तो होता, इंडोनेशियासाठी कोणी काढलाच नव्हता.

गंमत अशी की त्याच कायद्याचे १७ वे कलम वसाहतींच्या बाबतीत फार उदार होते. ऑर्डर निघाला आणि त्यात वेगळे काही म्हटले नसेल, तर तो ‘प्रत्येक ब्रिटिश मुलखाला’ लागू होई. नव्याने आलेली वसाहतही त्यात बसे. आपली बाजू वाढली तर कायदा सांभाळून घेत होता. समोरचा पक्ष बदलला की मात्र नवा कागद लागत होता.

अमेरिकेत वाट वेगळी, मुक्काम तोच. १९३६ च्या व्हॅलेंटाइन विरुद्ध नायडेकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की करार किंवा कायदा अधिकार देत नसेल, तर सरकारला स्वतःच्या मर्जीने कोणालाही परदेशाच्या हवाली करता येत नाही. दोन सरकारांच्या व्यवहारात गृहीतक चालते, पण एखाद्याला कोठडीत डांबायला कायद्याचे कलम दाखवावे लागते.

सावरकरांचे प्रकरण यात बसते का?

नेहमी विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तर. नाही, निदान थेट नाही. लंडनहून मुंबईला नेण्यासाठी वापरला गेला तो १८८१ चा फरारी गुन्हेगार कायदा. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी नेण्यासाठी तो होता. तिथे करार लागतच नसे, कारण दोन्ही टोकांना सार्वभौम एकच. मार्सेलिसला ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीवरून उडी मारली, किनारा गाठला आणि तिथे त्यांना पकडून परत दिले गेले, तेव्हा फ्रान्सचा संबंध आला. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी म्हटले की सोपवण्यात अनियमितता झाली, पण त्यांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही.

तो १८८१ चा कायदा भारतापुरता कधी संपला, हे १९५४ च्या मद्रास राज्य विरुद्ध मेनन खटल्यात ठरले. सिंगापूरने मागितलेल्या आरोपींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालय म्हणाले, प्रजासत्ताक भारत आता ब्रिटिश मुलूख नाही, म्हणून तो कायदा इथे वापरता येणार नाही.

उलटे झाले तर? छोटे राज्यच मोठ्यात विलीन झाले तर?

टोंक संस्थानाने १८६९ मध्ये ब्रिटिश सरकारशी प्रत्यार्पण करार केला होता. असे करार त्या सुमारास बऱ्याच संस्थानांशी झाले. टोंक पुढे राजस्थानात विलीन झाले आणि करार शिल्लक आहे का, हा प्रश्न डॉ. बाबूराम सक्सेना खटल्यात १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला. विलीनीकरणाने संस्थानाचे वेगळे अस्तित्वच गेल्यावर असा करार कसा चालवायचा, यावर निकालात खोल चर्चा आहे. तरीही अपील फेटाळले गेले, कारण १९०३ च्या भारतीय प्रत्यार्पण कायद्याच्या सातव्या कलमाखाली कराराशिवायही कारवाई करता येत होती. ज्याला फक्त ‘करार संपला’ एवढेच शोधायचे आहे, त्याने हा निकाल शेवटपर्यंत वाचावा.

वसाहत स्वतंत्र झाली की जुने करार जातात ना?

१९७८ च्या करारात नव्याने स्वतंत्र झालेल्या राज्यांसाठी कोऱ्या पाटीचे तत्त्व आहे. व्यवहारात बहुतेकांनी पाटी पुसली नाही. भारताने १९४७ च्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थांविषयीच्या आदेशाने जुनी बंधने आणि हक्क पुढे चालवले. १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यात ‘प्रत्यार्पण करारा’च्या व्याख्येतच १५ ऑगस्ट १९४७ पूर्वीचे, भारताला लागू व बंधनकारक असलेले करार घातले आहेत. म्हणून १९३१ चा करार भारत-अमेरिका प्रकरणांत कित्येक दशके वापरला गेला आणि रोझलिन जॉर्ज खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो जिवंत मानला. भारताचा अमेरिकेशी स्वतंत्र करार १९९७ मध्ये झाला आणि १९९९ मध्ये अमलात आला. सिंगापूर आणि त्रिनिदाद यांच्या बाबतीतही अमेरिकी न्यायालयांनी तोच १९३१ चा करार मान्य केला.

गोव्याचे काय?

गोव्यासाठी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये आपापल्या हिंदुस्थानातल्या मुलखांपुरता व्यापार आणि प्रत्यार्पणाचा खास तह केला होता. डिसेंबर १९६१ नंतर गोवा भारताचा भाग. तिथे भारताचे करार लागू. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातच ‘संपादित केले जातील असे प्रदेश’ भारताच्या हद्दीत धरलेले असल्यामुळे आतल्या कायद्याचीही अडचण नाही.

गुन्हा ताब्याआधीचा असेल तर?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आरोपी नव्या मुलखात फक्त लपला असेल आणि गुन्हा दुसरीकडे घडला असेल, तर फारसे बिघडत नाही. मागणीच्या दिवशी तो मुलूख कोणाचा, एवढेच पाहायचे. गुन्हाच त्या मुलखात, जुन्या राज्याच्या काळात घडला असेल, तर मात्र ‘मागणाऱ्या देशाच्या अधिकारक्षेत्रात घडलेला गुन्हा’ या अटीत तो बसतो का, हा खरा पेच आहे. नव्या सरकारने जुने खटले चालवण्याची कायद्यात सोय केली आहे का, ते आधी तपासावे.

परराष्ट्र खात्याने ‘करार लागू आहे’ असे पत्र दिले की झाले?

अमेरिकेत जवळजवळ झाले. १९०२ च्या टर्लिंडेन विरुद्ध एम्स खटल्यात आरोपीचे म्हणणे होते की करार १८५२ मध्ये प्रशियाशी झाला आणि प्रशिया आता जर्मन साम्राज्यात विरघळली. न्यायालय म्हणाले, करार टिकला का हे ठरवणे सरकारच्या राजकीय विभागांचे काम, आणि दोन्ही सरकारे तो चालू समजून वागत आहेत. सिंगापूरच्या न्यायालयानेही सरकारचे पत्र मानले होते. तरी वेस्टरलिंग सुटला, कारण पत्रावरून करार सिद्ध झाला, पण ऑर्डर इन कौन्सिलची जागा पत्राने भरत नाही. म्हणून कोणतेही जुने प्रकरण हातात आले की पत्र बाजूला ठेवून आधी राजपत्र चाळावे: त्या देशाच्या नावाने आणि त्या प्रदेशापुरती अधिसूचना निघाली होती का, निघाली असेल तर अटकेच्या तारखेला ती अमलात होती का.